वर्धा जिल्हा : आहार आणि स्थूलता

शरीरात वसेचा अतिसंचय होऊन आरोग्यास अपाय होण्याची अवस्था म्हणजे स्थूलता होय. विदर्भातील वर्धा जिल्ह्याच्या (स्थापना १८६२) संदर्भात या विषयास वेगळे महत्त्व आहे. कारण उपासमारीचा दीर्घ इतिहास असलेल्या याच जिल्ह्यात आहारसुधारणेचा एक मोठा प्रयोगही झाला.

काळी जमीन, नगदी पीक म्हणून कापूस व मुख्य अन्न म्हणून ज्वारी, ही येथील जुनी शेतीव्यवस्था. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले व हिंगणघाटची बाजारपेठ भरभराटीस आली. परंतु कुळांच्या व मजुरांच्या घरी धान्याचा साठा बेताचाच असे. १८९६-९७ व १८९९-१९०० मधील दुष्काळांनंतर, १९०१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ पेक्षा कमी भरली. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हा नित्याचा आहार आणि जात्यावरील दळणापासून कापूसवेचणीपर्यंत दिवसभराचे कष्ट, अशा जीवनक्रमात अंगावर मांस चढणे हे सुबत्तेचे लक्षण मानले जाई. ही समजूत खुळी नव्हती, अनुभवातून आलेली होती. म्हणूनच ती अद्याप पुरती गेलेली नाही.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत जो. कॉ. कुमारप्पा यांनी त्याचे काम चालविले. हातसडीचा तांदूळ, जात्याचे पीठ, घाणीचे तेल व गूळ यांचा पुरस्कार करण्यामागे ग्रामीण रोजगाराइतकाच पोषणाचाही विचार होता. १९३५ मध्ये महात्मा गांधींनी मगनवाडीतील स्वयंपाकात सोयाबीनचा प्रयोग केला. गरिबाला स्वस्त प्रथिन मिळावे हा त्यामागील हेतू. पुढे सोयाबीन जिल्ह्यात आले खरे, पण ताटात नव्हे. १९८० नंतरच्या दशकांत ते नगदी पीक म्हणून पसरले, विदर्भातील ज्वारीचे क्षेत्र घटले आणि सोयाबीन दाणा तेल-गिरण्यांकडे गेला.

भाकरीची जागा शिधावाटपातील गहू-तांदळाने घेतली. १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुली झाल्यावर स्वस्त तेल वाढत गेले. पिठाची गिरणी, नळ, मोटारसायकल व ट्रॅक्टर यांनी कष्ट हलके केले. यात खेद करण्याजोगे काही नाही, विशेषतः स्त्रियांच्या दृष्टीने तर नाहीच. मात्र खर्च होणारी ऊर्जा कमी झाली आणि आहारातील ऊर्जा त्या प्रमाणात उतरली नाही.

केवळ एवढ्याने उलगडा होत नाही. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी १९८६ पासून गर्भावस्थेतील कुपोषण व प्रौढपणीचा हृदयविकार यांचा संबंध दाखविला. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत मातृपोषणाचे अध्ययन सुरू केले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ. होते. त्यांचे स्नायू व उदरातील इंद्रिये इंग्लंडमधील बालकांच्या तुलनेने लहान भरली, पण त्वचेखालील वसा बरीचशी टिकून होती. अशा ‘कृश-स्थूल’ बालकास पुढे मुबलक अन्न मिळाले, की इन्शुलिनला प्रतिरोध व मधुमेह यांचा धोका वाढतो. ब१२ जीवनसत्त्व कमी व फॉलिक अम्ल अधिक असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी हा प्रतिरोध अधिक आढळला. म्हणजे आजीची उपासमार आईच्या कृशतेतून नातवाच्या मधुमेहापर्यंत पोहोचू शकते. पुण्याजवळचे हे निष्कर्ष वर्ध्यास जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तथापि कोरडवाहू शेती, मातांचे रक्तक्षय व कमी जन्मवजन या बाबी येथेही आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांनुसार देशातील १५–४९ वयोगटातील स्त्रियांत कृशतेचे प्रमाण २००५-०६ मध्ये ३५·५% होते, ते २०१९–२१ मध्ये १८·७% झाले. अतिवजन व स्थूलता मिळून १२·६ वरून २४% वर गेली. एकाच घरात अशक्त सून व स्थूल सासू आढळणे त्यामुळे नवलाचे राहिले नाही. स्थूलतेबरोबर मधुमेह, उच्च रक्तदाब, यकृतातील वसासंचय व गुडघ्यांचा संधिविकार येतात. शेतावर राबणाऱ्यास गुडघेदुखी म्हणजे मजुरी बुडणे होय.

सेवाग्राम येथे १९६९ मध्ये सुशीला नायर यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्थेचे विद्यार्थी दत्तक खेड्यांत राहून शिकतात. उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या २०१७ मधील राष्ट्रीय उपक्रमात प्रारंभीच्या जिल्ह्यांत वर्ध्याचा समावेश झाला. अशा तपासणीत केवळ वजनकाटा फसवा ठरतो. हातपाय बारीक असूनही पोटावर वसा असू शकते. म्हणून भारतीयांत कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. ही धोक्याची मर्यादा मानतात.