चाबकाची मर्यादा : घोड्यांच्या शर्यतींतील एका नियमाचा इतिहास

मानवी इतिहासात अश्वाचे स्थान अनन्यसाधारण आहे. रणांगणावर, टपालाच्या वाटेवर, राजेरजवाड्यांच्या मिरवणुकीत आणि सामान्य माणसाच्या टांग्यापुढेही तो सारख्याच निष्ठेने धावला. पुढे आगगाडी आली, मोटारी आल्या, शहरांतील टांगे नाहीसे झाले. तरीही एका ठिकाणी घोडा आजही पूर्वीइतक्याच वेगाने धावतो आहे. ते ठिकाण म्हणजे शर्यतीचे मैदान. त्या मैदानावरील पैजा, तेथील श्रीमंती व तेथील व्यसन यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून मर्यादित आहे. जॉकीच्या, म्हणजे शर्यतीतील घोडेस्वाराच्या हातातील चाबूक आणि त्या चाबकाला आवर घालण्यासाठी निरनिराळ्या देशांनी केलेले नियम, एवढाच हा विषय आहे.

जैन वाचकांना हा विचार मुळीच परका नाही. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध, वध, छेद, अतिभारारोपण व अन्नपाननिरोध यांची गणना होते. यांपैकी ‘वध’ या शब्दाचा अर्थ येथे प्राण घेणे असा नाही. काठी, चाबूक, वेत इत्यादींनी प्राण्यावर प्रहार करणे असा त्याचा अर्थ आचार्य पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’त स्पष्ट केला आहे. म्हणजे श्रावकाच्या आचारात चाबकाचा विचार सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच झालेला होता. आधुनिक शर्यत ज्या देशात वाढली तेथे हाच विचार केव्हा व कसा रुजला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

रस्त्यावर गुन्हा, मैदानावर कौशल्य

इंग्लंडमधील शर्यतींचे नियमन करणारा जॉकी क्लब १७५० च्या सुमारास स्थापन झाला. घोड्याचे वय, त्याने वाहावयाचे वजन, पैजेची रक्कम व व्यवहारातील सचोटी यांविषयीचे नियम हळूहळू तयार झाले. घोड्याला होणाऱ्या वेदनेचा त्यांत फारसा विचार नव्हता. १८२२ मध्ये आयर्लंडमधील गॉलवेचे प्रतिनिधी रिचर्ड मार्टिन यांच्या प्रयत्नाने ब्रिटिश संसदेने जनावरांवरील क्रौर्याविरुद्ध पहिला महत्त्वाचा कायदा संमत केला. त्यात घोडे, खेचरे, गाढवे व गुरे यांना निर्दयपणे मारणे हा गुन्हा ठरला. दोनच वर्षांनी, १८२४ मध्ये, लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रौर्य प्रतिबंधक संस्था स्थापन झाली आणि १८४० मध्ये तिला ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. परंतु प्रत्यक्षात या चळवळीचा रोख गाडीवान, गुराखी व कसाई यांच्याकडे होता. भर रस्त्यात गाडीवानाने मारलेला फटका शिक्षेस पात्र ठरू लागला, आणि मैदानावर मारलेला तोच फटका मात्र कौशल्य म्हणून वाखाणला जात राहिला.

याचे ठळक उदाहरण म्हणजे १९७२ ची एप्समची डर्बी. विख्यात जॉकी लेस्टर पिगट यांनी अखेरच्या टप्प्यात रोबर्टो या घोड्यावर चाबकाचा जबरदस्त मारा करून, डोक्याच्या अंतराहूनही कमी फरकाने शर्यत जिंकली. हा विजय अनेक वर्षे अश्वारोहणकलेचा नमुना म्हणून सांगितला गेला. तो पाहून अस्वस्थ झालेले लोक तेव्हाही होते. पण त्या अस्वस्थतेला नियमपुस्तकात जागा नव्हती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. चाबकाचे उपयोग दोन मानले जातात. घोडा अचानक बाजूला वळला, दुसऱ्या घोड्यावर आदळू लागला तर त्याला सावरणे, हा सुरक्षिततेचा उपयोग होय. दुसरा उपयोग म्हणजे दमत चाललेल्या घोड्याकडून आणखी वेग काढणे. त्याला ‘उत्तेजन’ असे सौम्य नाव आहे. वादाचा विषय आहे तो हा दुसरा उपयोग. जॉकीची अडचणही समजून घेतली पाहिजे. जिंकण्यासाठी पुरेपूर प्रयत्न केला नाही, तर पैजा लावणाऱ्यांची फसवणूक केल्याचा ठपका त्याच्यावर येतो, मालक पुन्हा घोडा देत नाही. आणि प्रयत्न अधिक केला तर क्रौर्याचा ठपका येतो.

मोजणीस आरंभ

१९८० मध्ये चेल्टनहॅम येथील शर्यतींत चाबकाच्या अतिरेकी वापराबद्दल आयर्लंडच्या दोन जॉकींना तीन महिन्यांसाठी निलंबित करण्यात आले आणि हा प्रश्न प्रथमच ठळकपणे जनतेसमोर आला. त्या दशकाच्या अखेरीस जॉकी क्लबने आकड्याचा आधार घेतला. दहाहून अधिक फटके दिसल्यास पंचांनी, म्हणजे स्टुअर्डांनी, चौकशी करावी असा दंडक आला. पुढे हा आकडा आणखी खाली आणला गेला.

आकडा आला, पण त्याचा परिणाम मर्यादित राहिला. १९९६ मधील न्यूमार्केटच्या ‘टू थाउजंड गिनीज’ या मानाच्या शर्यतीत पहिले तीन घोडे जवळजवळ एकाच वेळी पोहोचले. फ्रँकी डेटोरी यांचा मार्क ऑफ एस्टीम विजयी ठरला. तिन्ही घोड्यांच्या जॉकींना चाबकाचा नियम मोडल्याबद्दल निलंबित करण्यात आले. मात्र निकाल कायम राहिला, बक्षीस कायम राहिले आणि विजेत्या घोड्याची वाढलेली किंमतही मालकाकडेच राहिली.

व्यवहार जाणणाऱ्या माणसाला यातील उणीव चटकन कळेल. नियम मोडून होणारा लाभ दंडापेक्षा मोठा असेल, तर तो दंड दंड राहत नाही; तो खर्चाच्या खात्यात जातो. जकात चुकवण्यातील नफा पकडले गेल्यावरच्या दंडाहून मोठा असेल, तर जकात चुकवली जाते, हा बाजारपेठेचा जुना अनुभव आहे. शर्यतीच्या मैदानावरही नेमके हेच घडत होते.

२०११ : एक धाडस आणि एक माघार

९ एप्रिल २०११ रोजी झालेल्या ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या शर्यतीत दोन घोडे मृत्युमुखी पडले. विजेत्या बॅलाब्रिग्ज या घोड्यावरील जॉकी जेसन मॅग्वायर यांना चाबकाच्या अतिवापराबद्दल पाच दिवसांचे निलंबन झाले. ही शर्यत घराघरांत दूरचित्रवाणीवर पाहिली जाते. त्यामुळे लोकमत प्रक्षुब्ध झाले, आणि तोपर्यंत नियमनाची सूत्रे हाती घेतलेल्या ब्रिटिश हॉर्सरेसिंग ऑथॉरिटीने नवे नियम जाहीर केले.

१० ऑक्टोबर २०११ पासून सपाट शर्यतीत सात आणि अडथळ्यांच्या शर्यतीत आठ फटक्यांची मर्यादा आली. अखेरच्या एका फर्लांगात, म्हणजे सुमारे २०० मीटरांत, अथवा शेवटच्या अडथळ्यानंतर पाचांहून अधिक फटके मारण्यास मनाई झाली. नियमाचा गंभीर भंग करणाऱ्या जॉकीने आपले मानधन व बक्षिसातील वाटा गमवावा, असेही ठरले. प्रथमच शिक्षेचा हात खिशापर्यंत पोहोचला.

पाचच दिवसांत त्याची परीक्षा झाली. १५ ऑक्टोबरला ॲस्कॉट येथे फ्रान्समध्ये कार्यरत असलेले बेल्जियन जॉकी क्रिस्तोफ सुमियाँ यांनी सिरस दे झेग्ल या घोड्यावर चॅम्पियन स्टेक्स जिंकली. अखेरच्या फर्लांगात त्यांच्याकडून पाचाऐवजी सहा फटके मारले गेले. त्या एका फटक्यापायी त्यांच्या वाट्याची ५० हजार पौंडांहून अधिक रक्कम गेली. त्याआधी दोनच दिवस रिचर्ड ह्यूज या नामांकित जॉकीने निषेध म्हणून आपला परवाना परत केला होता. संपाची भाषा सुरू झाली. अखेर २१ ऑक्टोबरला अखेरच्या फर्लांगाचे बंधन मागे घेण्यात आले आणि सुमियाँ यांची रक्कमही परत देण्याचे ठरले.

या प्रसंगात दोन्ही पक्षांचे काही ना काही चुकले होते. भरधाव वेगात फर्लांगाची खूण पाहून फटके मोजणे सोपे नाही, ही जॉकींची तक्रार खोटी नव्हती. परंतु याहून महत्त्वाची गोष्ट चर्चेत मागेच राहिली. सुमियाँ यांची रक्कम जप्त झाली असतानाही घोड्याच्या मालकाचे बक्षीस अबाधित होते. ज्याच्यासाठी चाबूक उगारला जातो त्याचे काहीच गेले नाही. गेले ते ज्याच्या हातात चाबूक होता त्याचे.

चाबूक बदलला, शास्त्र बोलू लागले

दरम्यान चाबकाचे रूपही बदलले. पूर्वीच्या कडक चाबकाने घोड्याच्या अंगावर वळ उठत. त्याऐवजी हवेची गादी असलेला, आघात शोषून घेणारा मऊ चाबूक ब्रिटनने सक्तीचा केला. ऑस्ट्रेलियानेही २००९ मध्ये गादीचा चाबूक आवश्यक ठरवला. नॉर्वे मात्र याहून फार पुढे गेला. त्याने १९८२ मध्येच उत्तेजनासाठी फटका मारण्यावर बंदी घातली आणि २००९ पासून सपाट शर्यतीत चाबूक हाती घेण्यासही मनाई केली. केवळ दोन वर्षांच्या अननुभवी घोड्यांसाठी सुरक्षिततेपुरता अपवाद ठेवला. तेथील शर्यती त्यामुळे बंद पडल्या नाहीत.

मग चाबकाने वेग खरोखर वाढतो काय? सिडनी विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की घोड्यांनी आपला सर्वाधिक वेग चाबूक उचलण्यापूर्वीच्या टप्प्यात गाठला होता. चाबकाचा मारा झाला तो घोडे थकल्यावर, शेवटच्या ४०० मीटरांत. आणि त्याने वेग वाढल्याचे दिसले नाही. २०२० मध्ये ब्रिटनमधील १२६ शर्यतींच्या नोंदी तपासल्या गेल्या. चाबूक वापरण्यास परवानगी असलेल्या शर्यती आणि केवळ हात व टाचा यांनीच घोडा हाकावयाच्या शर्यती, यांची ती तुलना होती. वेळ, घोड्याची सरळ चाल व सुरक्षितता यांत उल्लेखनीय फरक आढळला नाही. त्याच वर्षी आणखी एका अभ्यासाने एक जुना समज खोडून काढला. घोड्याची कातडी एकूण जाड असली, तरी वेदना टिपणारा तिचा वरचा थर मानवी त्वचेच्या तशाच थराहून जाड नाही, आणि त्यातील वेदनावाहक तंतूही कमी नाहीत. घोड्याला लागत नाही, असे म्हणण्यास आता आधार उरला नाही.

बक्षिसालाच हात

ब्रिटनने २०२२ मध्ये नियमांचा पुन्हा आढावा घेतला. हात उलटा धरूनच, म्हणजे कमी जोराने फटका मारावा, अशी सूचना प्रथम आली. जुन्या दुखापतींमुळे अनेकांना ते शक्य नाही, असे जॉकींनी निदर्शनास आणल्यावर ती मागे घेण्यात आली. मात्र तिच्या मोबदल्यात २०२३ पासून मर्यादा आणखी घटवण्यात आली. सपाट शर्यतीत सहा, अडथळ्यांच्या शर्यतीत सात. आणि या वेळी नियमात एक निर्णायक कलम आले. मर्यादेपेक्षा चार वा अधिक फटके मारल्यास घोडाच अपात्र ठरेल. जॉकीचे मानधनच नव्हे, मालकाचा विजयही जाईल.

अमेरिकेत जुलै २०२२ पासून लागू झालेल्या देशव्यापी नियमांनीही सहा फटक्यांची मर्यादा घालून, चार वा अधिक फटक्यांच्या भंगाबद्दल बक्षिसाची रक्कम काढून घेण्याची तरतूद केली. सुमारे चार दशकांच्या अनुभवानंतर जगाला जे उमगले ते एवढेच, की मोह जेथे आहे तेथेच बंधन घातले पाहिजे.

आपल्या भूमीवर

या साऱ्याचा आपल्याशी काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. पुण्यात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून शर्यती होत आल्या आहेत. मुंबईत आधी भायखळ्याला आणि १८८३ पासून महालक्ष्मी येथे मैदान आहे. इंडियन डर्बी १९४३ पासून भरते. त्याचबरोबर प्राणिदयेचा प्रवाहही याच महानगरात समांतर वाहत आला. मुंबईची प्राणी क्रौर्य प्रतिबंधक संस्था १८७४ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या दशकात परळ येथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. १८९० चा ब्रिटिशकालीन कायदा जाऊन, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या पुढाकारातून १९६० चा प्राणी क्रौर्य प्रतिबंधक कायदा आला.

त्या कायद्याखाली २००१ मध्ये झालेल्या नियमांत शर्यतीच्या घोड्यांचा स्वतंत्र उल्लेख आहे. चाबूक हवेच्या गादीचाच असावा, हात खांद्यावर उगारू नये, फटक्यांची संख्या तीनच्या मर्यादेत राहावी आणि गैरवापराची स्टुअर्डांनी चौकशी करावी, असे ते सांगतात. कागदावर पाहता ही मर्यादा ब्रिटनच्या आजच्या मर्यादेहूनही कडक आहे, आणि ती आली ब्रिटनने फटके सातवर आणण्याच्या दहा वर्षे आधी. ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये त्याविषयीचा कायदा वैध ठरवला, तोही बैलाला मारू नये या अटींसह.

परंतु दहा, सात, सहा, तीन हे आकडे कितीही खाली आले, तरी त्यांच्यामागे एक साक्षीदार लागतो. फटके मोजणारा कोणी नसेल आणि नियम मोडून मिळवलेला विजय विजेत्याकडेच राहणार असेल, तर लहानातला लहान आकडाही शोभेपुरता उरतो. इंग्लंडला हे कळण्यास अनेक डर्बी खर्ची घालाव्या लागल्या.

चाबकाच्या नियमांचा इतिहास हा वरकरणी फटक्यांच्या मोजणीचा इतिहास वाटतो. वस्तुतः तो लाभ आणि करुणा यांच्यातील दीर्घ वाटाघाटीचा इतिहास आहे. या वाटाघाटीत एक पक्ष सदैव गैरहजर राहिला. त्याला बक्षीस ठाऊक नाही, निकाल ठाऊक नाही, मर्यादेचा आकडाही ठाऊक नाही. त्याला कळतो तो केवळ पुठ्ठ्यावर बसणारा फटका. त्या मुक्या जिवाच्या वतीने कोणीतरी बोलत राहिले, म्हणूनच आकडा खाली येत गेला. तो शून्यावर येईपर्यंत हे बोलणे थांबू नये.