दर दोन तासांनी कूस

आमच्या कळंबच्या आसपास, वाड्यापाड्यांवर, माणूस झाडावर चढतो तो काही हौसेने नाही. आंबे उतरवायचे असतात, गुरांना पाला तोडायचा असतो. पावसाआधी घर शाकारायला छपरावर जावंच लागतं. त्यातून एखादा पडतो. मग लोक म्हणतात, "कंबर गेली त्याची." आणि विषय तिथेच संपतो. मला प्रश्न पडतो तो पुढचा. कंबर गेली म्हणजे माणूसही गेला का?

खरं सांगायचं तर हजारो वर्षं याचं उत्तर 'हो' असंच होतं. इजिप्तमध्ये साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं एक वैद्यकीय हस्तलिखित सापडलं. त्यात मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या माणसाची सगळी लक्षणं नीट लिहिली आहेत आणि पुढे शेरा आहे की यावर उपचार करायचे नाहीत. पहिल्या महायुद्धातसुद्धा कण्याला जखम झालेले बहुतेक सैनिक फार काळ जगले नाहीत. गंमत म्हणजे (गंमत कसली!) त्यांचा जीव बहुधा मणक्याने घेतला नाही. घेतला तो पडून पडून पाठीला झालेल्या जखमांनी आणि लघवीच्या संसर्गाने.

हे बदललं ते 1944 साली. नाझी राजवटीतून निसटून इंग्लंडला आलेले डॉक्टर लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडेव्हिल इथे अशा जखमींचा विभाग सुरू केला. त्यांचा पहिला इलाज कुठलंही नवं औषध नव्हतं. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, रात्रीसुद्धा! दुसरा इलाज म्हणजे त्याला कामाला आणि खेळाला लावायचं. 29 जुलै 1948 ला, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, तिथे 16 जणांनी चाकाच्या खुर्चीत बसून तिरंदाजी केली. पुढे त्यातूनच पॅरालिंपिक उभं राहिलं.

आता आपल्याकडे येऊ. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात होते, मुष्टियुद्ध खेळायचे. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, एक कण्यात अडकली, कमरेखाली पांगळेपण आलं. मुंबईच्या 'अश्विनी' या नौदलाच्या रुग्णालयात उपचार म्हणून ते पोहायला लागले. 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पोहून सुवर्णपदक मिळवलं. भारताचं हे पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मात्र मिळाली 2018 साली, म्हणजे 46 वर्षांनी! असो.

ही कथा सांगताना आपण जिद्दीपाशी थांबतो. जिद्द होतीच. पण शेजारी रुग्णालयाचा तलाव होता, तिकिटांसाठी विजय मर्चंट यांच्या संस्थेची मदत होती, नंतर पुण्यात टेल्कोची नोकरी होती. यातलं एकेक काढून बघा. नुसती जिद्द पाण्यात किती वेळ तरंगली असती?

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक सैन्यात नव्हत्या. सोळाव्या वर्षी कमरेखालचं शरीर निकामी झालं. स्वतः खुर्चीवर असून हिंडतं-फिरतं आयुष्य जगणारे बाबूकाका दिवाण भेटले आणि त्या सावरल्या. शिकल्या, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि 1984 साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' संस्था उभी केली. वसतिगृह, शिक्षण, रोजगार, म्हणजे स्वतःला जे लागलं तेच त्यांनी इतरांना देऊ केलं. त्यांचं आत्मकथन 'चाकाची खुर्ची' अवश्य वाचा.

या सगळ्या इतिहासातून मला जे दिसतं ते अगदी साधं आहे. तुटलेला कण्यातला मज्जारज्जू आजही पूर्ववत जोडता येत नाही. पण आयुष्य जोडता येतं, आणि ते एकट्याने जोडलं जात नाही. 2016 च्या कायद्याने सरकारी नोकरीत 4 टक्के आरक्षण दिलं, सार्वजनिक इमारतीत खुर्ची जाईल अशी वाट सक्तीची केली. पण चिखलाच्या पाऊलवाटेवर खुर्चीचं चाक रुततं, तिथे कायदा काय करणार?

तिथे आपणच लागतो. झाडावरून पडलेल्याला हातापायाला धरून उचलू नये, मुटकुळं करून गाडीत घालू नये. 108 ला फोन करावा, हलवणं भागच असेल तर मान आणि पाठ सरळ ठेवून फळीवर घ्यावं. घरी आल्यावर कूस बदलायला दोघातिघांनी पाळ्या लावाव्यात. उंबऱ्याला उतार करावा. आणि बसून करण्याजोगं काम त्याच्या हाती द्यावं, दया म्हणून नव्हे, त्याला येतं म्हणून.

'कंबर गेली' इथे वाक्य संपत नाही. पुढचं वाक्य आपल्याला लिहायचं असतं.