कोणता कान?

परवा मामांची जुनी पत्र्याची पेटी उघडली. कापसाच्या पावत्यांखाली रबरबँड लावलेले तीन केसपेपर निघाले, २००३ सालचे. एक धुळ्याचा, दोन जळगावचे. तिन्हींवर तक्रार एकच, 'कानदुखी'. खाली कानात घालायचे थेंब, गोळ्या आणि सही. बस्स.

माझी भाची पुण्यात मेडिकल कोडिंग करते. अमेरिकेतल्या डॉक्टरांची टिपणे वाचायची आणि प्रत्येक आजाराला ठरलेला कोड द्यायचा. त्यावर तिकडचे विमावाले पैसे देतात. सहज म्हणून तिच्यापुढे हे कागद ठेवले. तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "मावशी, कोणता कान?"

कुठेच लिहिले नव्हते.

"मग एच ९२.०९. कान दुखतो, पण कोणता ते नमूद नाही. उजवा असेल तर ०१, डावा ०२, दोन्ही ०३. आम्हाला अंदाज करायची मुभा नसते. कागदावर नाही म्हणजे झालेच नाही, असं धरायचं."

हे कोड आले कुठून म्हणून मी वाचायला बसले. सतराव्या शतकात लंडनमध्ये दर आठवड्याला मृतांची यादी छापली जायची. जॉन ग्राँट नावाच्या व्यापाऱ्याने १६६२ मध्ये त्या याद्यांवर पुस्तक लिहिले. त्या याद्यांत मृत्यूचे एक कारण चक्क 'दात' असे आहे! दात येण्याच्या वयात बाळ गेले की तसे लिहीत. जे दिसले तेच कारण म्हणून नोंदले. पुढे १८९३ मध्ये पॅरिसच्या जाक बर्तियाँने शिकागोच्या परिषदेत मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. पण ती मरणाची यादी. नुसत्या कानदुखीने कोणी मरत नाही, तिची तिथे कोण दखल घेणार? १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहावी आवृत्ती काढली, तेव्हा मृत्यूंबरोबर जिवंत माणसांचे आजारही यादीत रीतसर आले. भाचीचा कोड दहाव्या आवृत्तीच्या अमेरिकी रूपातला. तिकडे ते १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाले.

यात एक नियम मला फार आवडला. कानाच्या आत पू झाल्याचे निदान डॉक्टरांनी लिहिले, की कोड त्या आजाराचा पडतो, दुखण्याचा वेगळा पडत नाही. म्हणजे 'कानदुखी' हा कोड एका अर्थी प्रश्नचिन्हच आहे. दुखते आहे, कारण अजून सापडलेले नाही.

आपल्याकडे तरी वेगळे काय होते? सुश्रुताने कानाचे अठ्ठावीस रोग मोजले. त्यात कर्णशूल वेगळा, कर्णस्राव वेगळा, मळाचा कर्णगूथ वेगळा. आणि पुस्तक न वाचलेली आमची आजीसुद्धा कान फुटला, कान वाहतो, दडे बसले, ठणका लागला, हे सगळे निरनिराळे सांगायची. दुखण्याला नाव देताना ती आधी दिव्यापाशी नेऊन कान बघायची.

१९६८ मध्ये लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरने रुग्णाची नोंद कशी असावी यावर लेख लिहिला. त्याच्या पद्धतीत चार गोष्टी येतात. रुग्ण काय म्हणाला, तपासणीत काय दिसले, डॉक्टरांना काय वाटते आणि पुढे काय करायचे. मामांच्या कागदांवर पहिली आणि चौथी आहे. मधल्या दोन नाहीत.

मामा अहिराणीत एवढेच म्हणायचे, "मना कान दुखस." घास गिळताना कळ कानात जाते, हे घरात सांगत. तंबाखू-चुना तर कायमचाच. चार महिन्यांनी चौथ्या डॉक्टरांनी कानात पाहिले. पडदा स्वच्छ होता. मग त्यांनी तोंड उघडायला लावले. जिभेच्या मुळाशी गाठ होती. जिभेचे मूळ आणि कानाचा आतला भाग यांच्या संवेदना एकाच नसेतून मेंदूकडे जातात, म्हणून घशातले दुखणे कानात जाणवते. कान निरोगी आणि तरी दुखतो, हीच तर धोक्याची खूण असते.

पहिल्याच कागदावर 'पडदा ठीक' एवढे दोन शब्द असते, तर दुसऱ्या डॉक्टरांनी पुन्हा थेंबच दिले असते का? मामा वाचले असते असे मी म्हणत नाही. बाहेर रांग किती मोठी असते तेही मी पाहिले आहे. पण ते चार महिने मात्र मिळाले असते.

असो. मला आठवते, मामा जेवताना डाव्या कानावर तळहात दाबून बसायचे. घरातल्या सगळ्यांनी ते पाहिले होते. कागदावर ते कुठेच नाही.

तुमच्या घरी कोणाचा केसपेपर असेल तर एकदा काढून बघा. काय दिसले ते लिहिलेले नसेल, तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना तेवढे लिहायला सांगा. ते रागावणार नाहीत. आणि रागावले तरी सांगाच.