ब्रश कटर घेताय? आधी बांध पाहा, मग मशीन

भिगवण : पावसाळा लागला की भिगवण, डिकसळ, कुंभारगाव पट्ट्यात उसाच्या बांधापासून उजनीच्या काठापर्यंत गवत कमरेला लागतं. बांध काढायला माणूस वेळेवर मिळत नाही, मिळाला तर मजुरीचा हिशोब बसत नाही. म्हणून गवत कापायचा ब्रश कटर आता अनेक शेतकऱ्यांच्या घरी आला आहे. पण शेजाऱ्याने घेतला तोच घेतला, पाती बसत नाही म्हणून गार्ड काढून ठेवलं, साधं पेट्रोल ओतलं, असं झालं की पहिल्याच हंगामात मशीन कोपऱ्यात पडतं. त्याहून वाईट म्हणजे डोळ्याला किंवा पायाला इजा होते. मशीन घेण्याआधी आणि सुरू करण्याआधी काय पाहायचं, त्याची ही माहिती.

मोबाईलवर दिसणारं मशीन आपल्या रानात चालेल का?

मागच्या फळीवर उभं राहून चालवायच्या गवत कापणी यंत्राचे व्हिडिओ मोबाईलवर पुष्कळ दिसतात. त्याला झिरो टर्न मोअर म्हणतात. मागच्या दोन्ही चाकांना स्वतंत्र गती मिळते. एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरवलं की यंत्र जागच्या जागी वळतं. चालवणारा उभा असल्याने त्याला पुढचं नीट दिसतं आणि वेळ आली तर पटकन खाली उतरता येतं. अमेरिकेत मोठ्या लॉन राखणारे ठेकेदार ते वापरतात.

पण हे यंत्र सपाट, दगड नसलेल्या आणि नेहमी कापल्या जाणाऱ्या हिरवळीसाठी आहे. उतारावर किंवा ओल्या गवतावर चाकं घसरली की ताबा सुटतो आणि यंत्र उलटू शकतं. खाली झाकलेल्या पात्यांना धोंडा लागला की पातं वाकतं. कॉलेजचं मैदान, क्रिकेटचं ग्राउंड, कारखान्याची लॉन एवढंच त्याचं काम. दीड-दोन फुटांचा बांध, चारीची कड, फळबागेतली झाडाची बुडं इथं त्याचा उपयोग नाही. आपल्याकडच्या बांधाला माणसाच्या खांद्यावर अडकवायचा ब्रश कटरच लागतो. उसाच्या किंवा भाजीपाल्याच्या ओळीतली माती हलवून तण काढायचं असेल तर पॉवर विडर हे वेगळं यंत्र आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

कापलं म्हणजे तण गेलं असं नाही

ब्रश कटर गवत वरून कापतो, मुळासकट काढत नाही. हराळी, लव्हाळा आणि काळ्या रानातला कुंदा यांचा जीव जमिनीखाली असतो. कापल्यावर ते पुन्हा फुटतात. पिकातल्या अशा तणाला खुरपणी, नांगरट किंवा दुसरा उपाय लागतोच. बांध, रस्त्याची कड, पाइपलाइनचा पट्टा आणि फळबागेतली मोकळी जागा ही ब्रश कटरची खरी जागा.

गाजर गवत फुलावर येण्याआधीच कापावं. फुलावर आल्यावर कापलं तर बी सगळ्या रानात पसरतं. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज येते आणि परागकणांनी दम्याचा त्रास वाढतो. हे गवत कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा आणि नाकातोंडाला फडकं बांधावं.

कोणत्या गवताला कोणतं पातं?

- मऊ, गुडघ्याखालचं गवत आणि झाडाच्या बुडाजवळची जागा : नायलॉनची दोरी. भिगवणच्या मच्छीमारांच्या भाषेत तंगूसच, फक्त जाड.
- उंच, जाड, वाळलेलं गवत : दोन किंवा तीन दातांचं लोखंडी पातं.
- घाणेरी, तरवड, वेड्या बाभळीचे कोवळे फोक : बारीक दातांचं गोल पातं, आणि त्यासाठी कंपनीने दिलेलं वेगळं गार्ड.

तंगूस संपली म्हणून तार किंवा क्लच केबलचा तुकडा लावायचा प्रकार जीवघेणा आहे. तारेचा तुकडा तुटला की गोळीसारखा सुटतो. ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतील तर आधी गोळा कराव्यात. पात्यापुढे आणि तंगुशीपुढेही लॅटरल टिकत नाही.

टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?

टू-स्ट्रोक मशीन वजनाला हलकं, किमतीला कमी आणि दुरुस्तीला सोपं असतं. मात्र त्यात पेट्रोल आणि टू-टी ऑइलचं मिश्रण लागतं. धूर आणि आवाजही जास्त. फोर-स्ट्रोकमध्ये साधं पेट्रोल चालतं, ऑइल वेगळं भरतात. पेट्रोल कमी लागतं, पण किंमत जास्त.

मिश्रणाचं प्रमाण मशीनच्या पुस्तकात दिलेलं असतं. 25 ला 1 असेल तर एक लिटर पेट्रोलला 40 मिली ऑइल. 50 ला 1 असेल तर 20 मिली. अंदाजाने झाकणभर ओतू नये. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, आणि तो खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो. जास्त झालं तर प्लग काळा पडतो, सायलेन्सर कोंदतो. मिश्रण वेगळ्या कॅनमध्ये करून, हलवून मग टाकीत भरावं.

मशीन घेताना ते खांद्याला अडकवून पाहावं. पट्टा असा बसला पाहिजे की हात सोडले तरी पातं जमिनीपासून थोडं वर तरंगेल. दिवसभर काम करायचं असेल तर दोन्ही खांद्यांचा पट्टा हवा. सगळ्यात महत्त्वाचं, पातं, क्लच, स्टार्टर आणि कार्बोरेटरचं किट भिगवण, बारामती किंवा इंदापुरात मिळतं का, हे पैसे देण्याआधी विचारावं. ऑनलाइन स्वस्तात आलेलं मशीन सुट्या भागासाठी महिनाभर बसून राहिलं, तर गवत थांबत नाही.

विकत की भाड्याने?

हिशोब सोपा आहे. समजा मशीन 16,000 रुपयांचं आहे आणि चार वर्षं टिकलं, म्हणजे वर्षाला 4,000. पातं, तंगूस, प्लग, दुरुस्ती मिळून वर्षाला 2,000 धरा. पेट्रोल आणि चालवणाऱ्याची मजुरी सोडून वर्षाचे 6,000 झाले. वर्षात 6 दिवसच काम असेल तर मशीन दिवसाला 1,000 रुपयांना पडतं. 30 दिवस काम असेल तर 200 रुपयांना. गावात मशीनसह येणारा माणूस काय घेतो, ते या आकड्याशी ताडून पाहावं. एकट्याचं काम कमी असेल तर भाऊबंदात किंवा गटात मिळून एक मशीन घेणं परवडतं. पण मिश्रण कोण करणार आणि दुरुस्ती कोण पाहणार, हे आधी ठरवावं. दहा हातांत फिरणारं मशीन लवकर मोडतं.

अनुदान घ्यायचं असेल तर

कृषी यांत्रिकीकरणाच्या योजनांसाठी महाडीबीटी शेतकरी पोर्टलवर अर्ज करतात. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती व जमातीच्या शेतकऱ्यांना साधारण 50 टक्के आणि इतरांना 40 टक्के, तेही ठरलेल्या कमाल मर्यादेत, अशी रचना असते. अर्जासाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो. पूर्वसंमती हातात येण्याआधी मशीन खरेदी करू नये, नाहीतर अनुदान मिळत नाही. यंत्र तपासणी झालेलं आणि योजनेत बसणारं आहे का, हे सहायक कृषी अधिकाऱ्याकडून खात्री करून घ्यावं. यंत्र हाताळून पाहायचं असेल तर शारदानगरच्या बारामती कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करता येते.

सुरू करण्याआधीची दहा मिनिटं

अपघात बहुतेक वेळा मशीनमुळे होत नाही, गवतात लपलेल्या वस्तूमुळे होतो. म्हणून आधी काठी घेऊन सगळा पट्टा चालत पाहावा. धोंडे, बाटल्या, तार, खुंट्या बाजूला काढाव्यात. उजनीचं पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत जुन्या जाळ्यांचे तुकडे असतात. ते पात्याला गुंडाळले की गिअर बॉक्सवर ताण येतो.

काठी आपटत चालल्याने घोणस, नाग सरकून जातात. पायात चपलेऐवजी घोट्याच्या वर येणारे बूट असावेत. उन्हाळ्यात टिटवी उघड्या रानात खड्यांमध्येच अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालत असेल तर जवळ घरटं आहे असं समजावं आणि तेवढा तुकडा पिल्लं निघेपर्यंत सोडावा.

मग मशीन पाहावं. पात्याला चीर नाही ना, नट घट्ट आहे ना, गार्ड जागेवर आहे ना. बहुतेक ब्रश कटरच्या पात्याचा नट उलट्या आट्याचा असतो. म्हणजे तो उजवीकडे फिरवला की सैल होतो. हे माहीत नसल्याने बरेच जण नट सोडवायला जाऊन आणखी आवळतात आणि आटे खराब करतात.

डोळ्यांना चष्मा किंवा जाळीचा मुखवटा, कानाला बोळे, पायात जाड पँट. धोतर, ओढणी, साडीचा पदर, गळ्यातला पंचा लोंबता ठेवू नये. महिला चालवत असतील तर साडीवर पूर्ण शर्ट आणि कमरेला घट्ट खोचलेला पदर एवढ्यावर भागत नाही, खाली पँट आणि बूट हवेतच.

चालवताना

- आजूबाजूला 50 फुटांत कोणी नको. लहान मुलं, शेळ्या आणि दुचाकी उभी असेल तर तीही लांब. दोघे कापत असतील तर दोघांतही एवढंच अंतर.
- मशीन जमिनीवर ठेवून, पातं गवताला न टेकवता सुरू करावं.
- इंजिन मंद चालत असताना पातं फिरायला नको. फिरत असेल तर आधी आयडलिंग किंवा क्लच दुरुस्त करावा.
- उजवीकडून डावीकडे झोका देत कापावं. कापलेलं गवत डावीकडे पडतं आणि पुढची वाट मोकळी राहते.
- पात्याच्या पुढच्या उजव्या भागाने जाड खोडाला भिडू नये. घड्याळाच्या काट्यात सांगायचं तर 12 ते 3 मधला भाग. तिथं खोड लागलं की मशीन जोराने झटका देतं.
- बांधावर आडवं चालावं. ओल्या उतारावरून खाली उतरत कापू नये.
- गवत गुंतलं तर इंजिन पूर्ण बंद करून, पातं थांबल्यावरच हात घालावा. बटण बंद केल्यावरही पातं काही सेकंद फिरत राहतं.
- थोड्या थोड्या वेळाने थांबावं. सतत कंपनाने बोटं बधिर होतात आणि थकलेल्या माणसाचं लक्ष सुटतं.

जनावरांचा चारा कापताना

नेपिअर, मका किंवा बांधावरचं गवत गाईम्हशींना घालायचं असेल तर तंगूस वापरू नये. तिचे तुकडे चाऱ्यात जातात आणि नायलॉन पोटात विरघळत नाही. चाऱ्यासाठी धारेचं पातंच लावावं. पात्याचा तुकडा उडाला असेल तर त्या जागेचा चारा टाकून द्यावा. लोखंड पोटात गेलं की जनावराच्या जिवावर बेततं. पेट्रोल सांडलेलं गवतही घालू नये. भरणं नेहमी रानाच्या बाहेर, इंजिन थंड झाल्यावर करावं.

काम झाल्यावर

धुळीत काम झालं तर एअर फिल्टर रोज पाहावा. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून बसवावा. गिअर बॉक्समध्ये साधारण 25 तासांनी ग्रीस भरावं. पातं दोन्ही बाजूंनी सारखं घासावं. एक बाजू जास्त झिजली की मशीन थरथरतं. चीर गेलेलं पातं वेल्डिंग करून वापरू नये, फेकून द्यावं.

सध्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच उसाच्या कारखान्यांतून तयार होणारं हे इथेनॉल पाणी ओढून घेतं. टाकीत महिनोन् महिने पेट्रोल राहिलं तर कार्बोरेटर चोंदतो. म्हणून मिश्रण महिन्याभरात संपेल एवढंच करावं. हंगाम संपला की टाकी रिकामी करावी आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावं. पुढच्या पावसात दोरी ओढून खांदा दुखवायची वेळ येत नाही.

इजा झालीच तर

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावं. त्यावर हळद, तंबाखू, माती लावू नये. डोळ्यात काही घुसलं तर चोळू नये, ओढून काढू नये. डोळ्यावर दाब न देता कप झाकावा आणि डॉक्टरांकडे न्यावं. साप चावला तर चिरा देऊ नये, आवळून बांधू नये. माणसाला चालू न देता थेट रुग्णालयात हलवावं. रुग्णवाहिकेसाठी 108 हा नंबर आहे. ब्रश कटर चालवणारा रानात एकटा नसावा आणि त्याचा मोबाईल खिशात चार्ज असावा, हा नियम घरातल्या प्रत्येकाने पाळावा.