चंचीतला अडकित्ता: संग्राहक काय निवडतो?

मिटता चाकू जमवण्याच्या छंदाला फ्रान्समधला ओपिनेल किंवा जपानचा हिगोनोकामी असे ठरलेले मानकरी आहेत. आपल्याकडे रामपुरी आठवतो, पण त्याची कीर्ती गुन्ह्याची. मराठी माणसाने रोज जवळ बाळगलेले पाते शोधायचे तर चंची उलगडावी: पान, सुपारी, चुन्याची डबी आणि छोटा अडकित्ता.

शालेय पुस्तकात तो दुसऱ्या प्रकारच्या तरफेचे उदाहरण म्हणून भेटतो: टेकू एका टोकाला, सुपारी मध्ये, हाताचा जोर दुसऱ्या टोकाला. शब्दाचे धागे दक्षिणेकडे जातात. कानडीत सुपारीला ‘अडके’ आणि कात्रीला ‘कत्तरी’ म्हणतात. म्हणजे बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये राहणाऱ्या मराठी संग्राहकाला या वस्तूची भाषा परकी नाही.

अडकित्त्यांचा प्रसिद्ध संग्रह पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहीत. घरचा व्यवसाय चष्म्यांचा. 1920च्या सुमारास त्यांनी वस्तू जमवायला सुरुवात केली आणि संग्रहाला अकाली गेलेल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. 1975 साली संग्रह महाराष्ट्र शासनाला दिला. राजेरजवाड्यांच्या तलवारींच्या मागे धावण्याच्या काळात दिवे, कुलुपे, अडकित्ते घेणे हा इतिहासाविषयीचाच एक निर्णय होता.

मात्र यातही एक गोम आहे. पोपट, मोर, घोडा, मिथुन अशा आकारांचे पितळी अडकित्ते दिसायला देखणे, म्हणून ते घेतले जातात, जपले जातात. गावच्या लोहाराने घडवलेला साधा लोखंडी अडकित्ता भंगारात जातो. शंभर वर्षांनी संग्रह पाहणाऱ्याला वाटेल, सगळेच मोराने सुपारी फोडत होते!

म्हणून पुढची खरेदी करताना नक्षीआधी पाते पाहावे. वारंवार धार लावून ते झिजले आहे का? रिव्हेट सैल होऊन पुन्हा ठोकलेली आहे का? पितळी अंगात पोलादी पाते बसवले आहे, की सगळेच ओतीव आणि बोथट? शेवटचा प्रकार बहुधा शोभेचा. विक्रेत्याला गाव आणि घर विचारून त्याच दिवशी वहीत लिहावे. दोन पर्याय समोर असतील तर मी मोर सोडून डाग पडलेला, गावाचे नाव माहीत असलेला लोखंडी अडकित्ता घेईन. तो बहुतेक वेळा स्वस्तही असतो.