वरातीतला ट्रंपेट

गेल्या लग्नसराईत रांजणगावात चुलत भावाचं लग्न झालं. वरातीला डीजे ठरलेलाच होता. तरी आजोबांनी हट्टाने बँडही सांगितला. नवरदेव महागणपतीच्या पाया पडून निघाला, बँडमास्तरांनी ट्रंपेट तोंडाला लावला आणि 'अलबेला'तलं गाणं सुरू झालं. ऐंशी ओलांडलेल्या आजोबांनी काठी माझ्या हातात दिली आणि भगवानदादांसारखे हात हलवत चार पावलं नाचले. तेवढ्यात मागून डीजेचा दणका सुरू झाला आणि कोणीतरी येऊन मास्तरांना थांबायला सांगितलं.

मी काठी धरून उभा होतो. वाईट वाटलं आणि त्याचं नवलही वाटलं. 'अलबेला' आला १९५१ साली आणि माझा जन्म नव्वदच्या दशकाच्या शेवटचा. कोड लिहिताना माझ्या हेडफोनमध्ये सी. रामचंद्र असतात, त्यांच्यानंतर ग्लेन मिलर. जो काळ मी पाहिलाच नाही, त्याची हुरहुर मला का लागावी? ते शोधायला म्हणून वाचत गेलो, आणि गोष्ट बरीच लांबून सुरू झाली.

सी. रामचंद्र म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १९१८, गाव पुणतांबा. आमच्या दारातला पुणे-नगर रस्ता धरून नगरच्याही पुढे गेलात की गोदावरीकाठी ते लागतं. विनायकबुवा पटवर्धनांकडे गाणं शिकलेला हा माणूस 'शहनाई' (१९४७) आणि 'अलबेला'त थेट अमेरिकन स्विंग घेऊन आला. कुठून आला हा स्विंग?

१९३५ साली लिऑन अॅबे हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँडलीडर आपला ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्याच्यामागून टेडी वेदरफोर्डसारखे पियानोवादक आले. हे संगीत सर्वात चटकन उचललं ते गोव्याच्या पोरांनी. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य नोटेशन शिकवलं जाई. हळदोण्यात १९१६ साली जन्मलेला आंतोनियो झेवियर वाझ असाच मुंबईत आला आणि 'चिक चॉकलेट' झाला. लुई आर्मस्ट्राँग हा त्याचा आदर्श. हातात ट्रंपेट, स्वतःचा बँड आणि हॉटेलांत रोजचा कार्यक्रम.

बिग बँड म्हणजे नुसती जास्त माणसं नव्हेत. ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचे वेगवेगळे गट असतात. एका गटाने ओळ टाकायची, दुसऱ्याने ती झेलायची. आपल्याकडे शाहिराची ओळ झेलकरी उचलतात, तसंच. पुढे पन्नाशीच्या दशकात न्यूयॉर्क-फिलाडेल्फियाच्या नाक्यांवरची गरीब पोरं वाद्यांशिवाय, नुसत्या गळ्याने हेच करू लागली. त्याला डू-वॉप म्हणतात. आणि स्विंगचा झोका येतो कुठून? एका मात्रेचे दोन भाग सारखे न करता पहिला लांबवायचा, दुसरा आखूड करायचा. पाय आपोआप हलतो.

मग हॉटेलातला हा बँड सिनेमात कसा आला? एक कारण दारूबंदी. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ सालचा. दारू गेली तशी हॉटेलांची रात्र उतरली, आणि वादकांना स्टुडिओतलं काम जवळचं वाटू लागलं. दुसरं कारण, संगीतकारांची गरज. चाल सुचायची सरगममध्ये, पण वीस-तीस वादकांनी एकाच वेळी वाजवायचं तर प्रत्येकाच्या समोर लिहिलेला कागद हवा. तो कागद लिहायचे गोव्याचे अरेंजर. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांसोबत काम करत होता. 'अलबेला'च्या एका गाण्यात तो त्याच्या बँडसकट पडद्यावरही दिसतो. पण बहुतेक अरेंजरांची नावं श्रेयनामावलीत आलीच नाहीत. अँथनी गोन्साल्विस हे नाव तुम्हाला माहीत आहे ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे. तो खराखुरा माणूस होता. माजोर्ड्याचा व्हायोलिनवादक, अरेंजर आणि प्यारेलाल यांचा गुरू. शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं, म्हणून ते घरोघरी पोचलं.

आता माझ्या हुरहुरीला धक्का देणारा भाग. आज ज्याला आपण 'तो सुवर्णकाळ' म्हणतो, तो त्या काळच्या मोठ्यांना उथळपणा वाटत होता. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर नभोवाणीमंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर चाहता. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला आणि 'बिनाका गीतमाला' घराघरात पोचली. अखेर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली.

आजोबांना हे सांगितलं तर ते हसले. जत्रेतल्या तंबूत 'अलबेला' पाहून आले, त्या रात्री त्यांच्या वडिलांनी त्यांना झोडपलं होतं. "असलं नाचगाणं बघून घर बुडतं म्हणायचे. आन् तू त्याला जुनं सोनं म्हणतो!"

म्हणजे डीजेला नावं ठेवणारा मी आणि पणजोबा एकाच रांगेत. हे मला पचायला जड गेलं. पोरांनी डीजेवर नाचू नये असं मला आता म्हणता येत नाही. पण वरातीत मला जे खटकलं, ते डीजेमुळे नव्हतंच. मास्तरांना थांबवलं तेव्हा त्यांच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही, ते खटकलं होतं.

सिनेमातल्या अरेंजरांचे कागद बहुतेक कोणी जपले नाहीत. रेकॉर्ड राहिली, पण ती कशी बांधली हे सांगणारा कागद गेला. माझ्या भाषेत सांगायचं तर प्रोग्रॅम चालतोय, सोर्स कोड हरवलाय. गावोगावच्या बँडवाल्यांनी मात्र तीच गाणी रेकॉर्डवरून कानाने ऐकून, आठ-दहा जणांत वाटून पुन्हा बांधली. क्लॅरिनेटने काय घ्यायचं, मोठ्या पितळी वाद्याने काय धरायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं. तेही कुठेच लिहिलेलं नाही.

पुढच्या रविवारी मी मास्तरांकडे गेलो. पोरगा एमआयडीसीत कामाला लागलाय, ट्रंपेटला हात लावत नाही, असं त्यांनी तक्रार न करता सांगितलं. कायमची नोकरी लागली, हे बरंच झालं म्हणाले. मी फोन टेबलावर ठेवला आणि त्यांना प्रत्येक वाद्याचा भाग वेगळा वाजवून दाखवायला सांगितला. क्लॅरिनेटचा भाग त्यांनी तोंडाने गाऊन दाखवला. तीन गाणी झाली, दोन तास गेले.

रेकॉर्डिंग सेव्ह करताना फाइलला काय नाव देऊ विचारलं. "गाण्याचंच दे की," ते म्हणाले. मी गाण्याचं नाव दिलं आणि त्यापुढे 'अरेंजर' लिहून त्यांचं नाव घातलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, आणि आडनावातली वेलांटी चुकली होती ती दुरुस्त करायला लावली.