एका दख्खनी मत्स्यनामाचा इतिहास

प्राण्याच्या शास्त्रीय नामात दोन पदे असतात : पहिले प्रजातीचे, दुसरे जातीचे. पहिले पद चिकित्सेने सिद्ध झालेले व म्हणून अधिक स्थिर, असा समज सहज होतो. दख्खनच्या नद्यांतील एका लहान माशाच्या नामाचा इतिहास या समजाविरुद्ध साक्ष देतो.

मुंबई सरकारने १८२४ मध्ये विल्यम हेन्री साइक्स यांना दख्खनची सांख्यिकीय माहिती संकलित करण्याच्या कामावर नेमले. तेथील माशांची त्यांनी केलेली वर्णने १८३९ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाली. गंगेच्या माशांचे वर्णन करताना फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये जी रीत अवलंबिली होती, तिला अनुसरून साइक्स यांनीही अनेक जातींना स्थानिक नावेच दिली. खालच्या ओठामागील चकतीने खडकास चिकटून राहणाऱ्या एका माशास त्यांनी ‘काँड्रोस्टोमा मल्या’ म्हटले.

यांपैकी ‘काँड्रोस्टोमा’, म्हणजे ‘कूर्चामुख’, हे मुळात युरोपीय माशांसाठी योजलेले ग्रीक पद होते; ते येथे टिकले नाही. फ्रान्सिस डे यांनी १८७५ ते १८७८ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात हा मासा ‘डिस्कोग्नॅथस लॅम्टा’ या गंगेकडील जातीत समाविष्ट केला. नाव लोपले, आणि त्याबरोबर दख्खनी माशाचे वेगळेपणही ग्रंथांतून नाहीसे झाले. सुंदरलाल होरा यांनी १९२१ मध्ये या गटाची पुनर्तपासणी करून ती जात पुन्हा स्वतंत्र मानली. हॅमिल्टन यांचे ‘गारा’ हे प्रजातिनाम ‘डिस्कोग्नॅथस’हून जुने असल्याने अग्रक्रमाच्या नियमाने तेच ग्राह्य ठरले. आज हा मासा ‘गारा मल्या’ होय. नपुंसकलिंगी ‘काँड्रोस्टोमा’ जाऊन दुसरे प्रजातिनाम आले, तरी देशी नाम असल्यामुळे दुसऱ्या पदाचे रूप पालटले नाही.

तथापि हे पद लेखनात अंशतःच जतन झाले आहे. साइक्स यांनी एम, यू, दोन एल, वाय आणि ए अशी अक्षरे लिहिली. त्यांतील ‘यू’ हा तत्कालीन रोमन लेखनाच्या एका रूढ पद्धतीने ऱ्हस्व ‘अ’ दर्शवितो. ‘दख्खन’ हा शब्दही साइक्स तसाच लिहीत. परंतु ‘ल’ आणि ‘ळ’ यांतील भेद त्या लिपीत उमटत नाही. शिवाय लिप्यंतराचा दोष म्हणून मूळ लेखन बदलण्यास प्राणिनामकरणाची संहिता अनुज्ञा देत नाही. मूळ उच्चार ‘मल्या’ की ‘मळ्या’, याचा निर्णय त्यामुळे ग्रंथालयात होणार नाही. तो नदीकाठच्या बोलीतच शोधावा लागेल.